लांब पल्ल्याचे लहान धावपटू

भिलाईत 'कोचिंग' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेची शिकवणी. पाठीवर दप्तराचे ओझे घेतलेली मुले सायकलींवरून पहाटे आणि पुन्हा सायंकाळी त्या शिकवण्यांकडे जाताना दिसतात. २०१६ साली आय.आय.टी. भिलाई स्थापन झाल्यापासून तर ह्या ध्येयाला गावाचेच नाव लाभले आहे. परंतु त्याच वेळी, त्याच गावात, दुसरेही एक कोचिंग चालू असते. सूर्य उगवण्याच्या सुमारास एखाद्या शाळेच्या मैदानावर अकरा ते चौदा वर्षांची पंधरा-वीस मुलेमुली गोळा होतात. कोणाच्या पायांत कापडी बूट असतात, कोणाच्या पायांत काहीच नसते. गळ्यात शिटी अडकवलेले पीटीचे सर त्यांना धावावयास शिकवितात. ह्या दुसऱ्या शिकवणीत काय शिकवावे आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, काय शिकवू नये, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

भिलाई हे गाव तसे नव्या युगाचे अपत्य. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. कारखान्याभोवती सेक्टरांची आखीव वसाहत वसली. तीत देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली. मराठी कुटुंबांना तर हा प्रदेश परका नव्हताच. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूर राजधानीतून चालत असे, आणि नागपूर, भंडारा, गोंदिया ही गावे मुंबई-हावडा लोहमार्गाने दुर्गला जोडलेली होती. त्यामुळे आजही त्या मैदानावर छत्तीसगढी, तेलुगू, भोजपुरी, बंगाली यांच्या जोडीने मराठी हाकही अधूनमधून ऐकू येते. रुंद, सावलीचे रस्ते, क्रीडांगणे आणि पाळीच्या शिस्तीत वाढलेले घर, एवढे भांडवल असलेल्या गावातून लांब पल्ल्याचे धावपटू निघावेत अशी अपेक्षा करणे अगदीच वावगे नाही.

अडचण अशी की लांब पल्ल्याचा धावपटू घडावयास फार काळ लागतो आणि शाळेला मात्र फळ लवकर हवे असते. आंतरशालेय स्पर्धा तोंडावर आलेल्या असतात. मुख्याध्यापकांना ढाल हवी असते, पालकांना प्रमाणपत्र हवे असते, आणि सरांच्या कामाची मोजदाद पदकांवरून होत असते. अशा वेळी बारा वर्षांच्या चपळ मुलाला रोज दहा-दहा फेऱ्या पळविण्याचा, घड्याळ लावून दमछाक होईपर्यंत पिटाळण्याचा मोह आवरणे सोपे नसते. शिवाय ह्या मोहाला फळही येते, आणि तेच खरे संकट होय. दोन-तीन महिन्यांत मुलाचा वेळ खरोखरच सुधारतो, ढाल मिळते, शाळेच्या फलकावर नाव लागते. नंतर चौदाव्या-पंधराव्या वर्षी तोच मुलगा मैदानावर दिसेनासा होतो. गुडघा दुखतो, कंटाळा येतो, किंवा कालपर्यंत मागे असलेली मुले पुढे जाऊ लागतात आणि त्याचे मन खचते. ढाल शाळेच्या कपाटात राहते आणि धावपटू हरवतो.

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ मनुष्य, ही समजूत ह्या सर्व घोटाळ्याच्या मुळाशी आहे. शरीरशास्त्र निराळेच सांगते. प्राणवायूच्या आधाराने, संथ गतीने पुष्कळ वेळ हालचाल करणे मुलांना चांगले साधते. दिवसभर खेळूनही ती थकत नाहीत हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. थोडे अंतर जोरात पळून, क्षणभर थांबून पुन्हा ताजेतवाने होणेही त्यांना जमते. परंतु श्वास अपुरा पडत असताना, स्नायू आंबत असताना, दोन-तीन मिनिटे तसेच रेटून धावत राहण्याची शक्ती त्यांच्या देहात अद्याप पुरती आलेली नसते. ती पौगंडावस्थेनंतर येते. शिवाय एकाच वेगाने धावताना, वजनाच्या मानाने, मुलाला मोठ्या माणसापेक्षा अधिक प्राणवायू खर्चावा लागतो, कारण त्याची पावले आखूड आणि चाल अजून कच्ची असते. म्हणून मोठ्यांचे वेळापत्रक निम्मे करून मुलांना देणे हा शहाणपणा नव्हे. मुलांचे वेळापत्रक मुळापासून वेगळेच असले पाहिजे.

आता ज्यांची नावे मराठी घराघरांत पोहोचली आहेत अशा धावपटूंच्या आयुष्याचा आलेख पाहावा. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत दहा हजार मीटरांचे कांस्यपदक मिळविले, तेव्हा त्यांचे वय २५ वर्षांचे होते. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, तेव्हा त्या २७ वर्षांच्या होत्या. बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांनी २०२२ साली बर्मिंगहॅमला ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवून केनियाच्या धावपटूंची दीर्घकालीन मक्तेदारी मोडली, तेही २७ व्या वर्षी. विशेष हे की साबळे लहानपणी शाळेसाठी रोज सहा किलोमीटरांची वाट तुडवीत असले, तरी स्पर्धेसाठी धावणे त्यांनी सैन्यात दाखल झाल्यानंतर, २०१५ च्या सुमारास सुरू केले. पदक मिळण्यापूर्वी पायांना वाट मिळाली होती, आणि ती वाट त्यांच्यावर कोणी घड्याळ लावून लादलेली नव्हती.

परदेशातील एक उदाहरण भिलाईला अधिकच जवळचे वाटेल. चेकोस्लोव्हाकियातील झ्लिन हे बाटाच्या पादत्राणांच्या कारखान्याभोवती वाढलेले गाव. १९४१ साली तेथील कामगार तरुणांच्या १४०० मीटरांच्या शर्यतीत एका मुलाला जवळजवळ बळेच उतरविण्यात आले. त्याचे वय तेव्हा १८ वर्षांचे होते आणि धावण्याची त्याला फारशी आवडही नव्हती. तो दुसरा आला. त्याचे नाव एमिल झाटोपेक. अकरा वर्षांनी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, त्याने पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या.

ह्या सर्व उदाहरणांचा अर्थ मुलांना अठरा वर्षांपर्यंत घरी बसवावे असा मुळीच नाही. अर्थ एवढाच की बारा वर्षांच्या मुलाला हाती घेणाऱ्या शिक्षकाने आपली शर्यत येत्या डिसेंबरात संपते असे समजू नये. ती संपावयास बारा-चौदा वर्षे आहेत आणि शेवटची फेरी बहुधा दुसऱ्याच कोणाच्या देखरेखीखाली धावली जाणार आहे. ह्या शिक्षकाच्या वाट्याला फक्त पहिली फेरी आहे. ती फार वेगाने धावावयास लावणे म्हणजे पुढच्या सर्व फेऱ्या उसन्या घेणे होय.

ह्या उसनवारीचे टोक २००६ साली शेजारच्या ओडिशात दिसले. अवघ्या चार वर्षांच्या एका गरीब बालकाला पुरीहून भुवनेश्वरच्या दिशेने सुमारे ६५ किलोमीटर धावविण्यात आले. सात तासांहून अधिक वेळ ते मूल रस्त्यावर होते. रस्त्याच्या दुतर्फा लोक टाळ्या वाजवीत होते, चित्रवाणीचे कॅमेरे पाठीमागे होते. पुढे सरकारने त्याच्या अशा धावांवर बंदी घातली. लोकांनी त्या बालकाकडून ज्या जागतिक विक्रमांची स्वप्ने पाहिली, ती मोठेपणी साकार झाली नाहीत. टाळ्या वाजविणारी माणसे दुष्ट नव्हती. त्यांना ते कौतुकच वाटत होते. मुलांच्या बाबतीत हानी अनेकदा कौतुकाच्या रूपानेच येते, ही गोष्ट विसरता कामा नये.

मग शिकवावे तरी काय? न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात आर्थर लिडियार्ड नावाचे एक गृहस्थ होते. तेही जोड्यांच्या कारखान्यात नोकरी करीत. आधी पुष्कळ संथ धावून पाया भक्कम करावा आणि वेगाची इमारत त्यावर मागाहून चढवावी, हे त्यांचे सूत्र. २ सप्टेंबर १९६० रोजी, रोम ऑलिंपिकमध्ये, त्यांचे दोन शिष्य, पीटर स्नेल आणि मरे हालबर्ग, एकाच दिवशी सुवर्णपदकांचे मानकरी झाले. मोठ्यांना त्यांनी आठवड्याला शंभर मैल धावविले. मुलांच्या बाबतीत त्यातले घ्यावयाचे ते सूत्र. तो शंभराचा आकडा मुलांसाठी नाही.

शाळेच्या मैदानावर ह्या सूत्राचे रूप अगदी साधे असते. आठवड्यातून तीन किंवा चार दिवस पुरेत. पहिले काही आठवडे थोडे चालणे, थोडे धावणे. धावताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. बोलणे तुटू लागले की वेग जास्त झाला असे समजावे. ह्याहून स्वस्त आणि ह्याहून खात्रीचे मोजमाप नाही. त्यानंतर साठ-सत्तर मीटरांच्या चार-सहा मोकळ्या, ऐटदार धावा, ज्यांत अंग सैल आणि पाऊल हलके राहील. मग खो-खो, लंगडी, शिवाशिवी. खो-खोचा डाव खेळणारी मुलगी न कळत दिशा बदलावयास, थांबून पुन्हा उसळावयास, तोल सांभाळावयास शिकते. ही सर्व लांब पल्ल्याच्या पायांची शिदोरीच आहे. शालेय स्पर्धांची योजना करणाऱ्यांनीही हे ओळखले आहे. चौदा वर्षांखालील गटात सर्वांत लांबची धाव सामान्यतः ६०० मीटरांची, म्हणजे मैदानाच्या दीड फेरीची असते. म्हणून त्या वयात मॅरेथॉनची भाषा करणे निरर्थक होय.

एक विद्या मात्र ह्या वयात अवश्य द्यावी, आणि ती म्हणजे वेगाचा अंदाज. शिटी वाजताच मुले जीव खाऊन सुटतात आणि अर्ध्या वाटेवर पाय जड होतात, हे दृश्य प्रत्येक क्रीडादिनी दिसते. येथे गणिताचे सर आणि पीटीचे सर एकत्र येऊ शकतात. पुढे मोठ्या गटात १५०० मीटर म्हणजे पावणेचार फेऱ्या धावावयाच्या. त्या सहा मिनिटांत पुऱ्या करावयाच्या तर एका फेरीला ९६ सेकंद, आणि शंभर मीटरांना २४ सेकंद. मुलांना घड्याळ न दाखविता शंभर मीटर धावावयास सांगावे आणि किती सेकंद झाले ते त्यांनाच विचारावे. आरंभी उत्तरे गमतीदार येतात. महिन्या-दोन महिन्यांत अंदाज सेकंदाच्या आत येऊ लागतो. ज्या मुलाला आपला वेग कळला त्याला शर्यतीत कोणी घाबरवू शकत नाही. जिंकण्यापेक्षाही हे ज्ञान अधिक काळ टिकते.

शिक्षकाजवळ घड्याळाइतकेच आणखी एक साधन असावे, आणि ते म्हणजे भिंतीवरची पेन्सिलीची खूण. दर महिन्याला प्रत्येक मुलाची उंची त्या भिंतीवर नोंदवावी. मुलींची उंची बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते. ह्या काळात एका वर्षात आठ-नऊ सेंटीमीटर उंची वाढणे नवल नाही. तेव्हा हाडे पुढे धावतात आणि स्नायू मागे पडतात. हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा भाग कोवळा असतो, म्हणून गुडघ्याच्या खाली किंवा टाचेच्या मागे दुखू लागते. खुणा भराभर वर चढू लागल्या की धावणे कमी करावे. मुलगा मध्यंतरी अवघडल्यासारखा धावेल, वेळही घसरेल. त्याला सांगावे की हे वाढीचे लक्षण आहे, आळसाचे नव्हे. त्याच भिंतीवरून आणखी एक गोष्ट उमगते. तेराव्या वर्षी जिंकणारा मुलगा पुष्कळदा केवळ लवकर वयात आलेला असतो. शेवटून तिसरा येणारा किरकोळ मुलगा कदाचित अठराव्या वर्षी पुढे असेल. त्याला आज घरी पाठविले तर हे कधीच कळणार नाही. वय चोरून लहानांच्या गटात मोठी मुले उतरविण्याची जी खोड आपल्याकडे आहे, तिचे खरे बळी हे उशिरा वाढणारे प्रामाणिक मूल असते.

भिलाईचे हवामानही एक कठोर परीक्षक आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चव्वेचाळीस अंशांवर जातो. मुलांना मोठ्यांपेक्षा घाम कमी येतो, आणि भोवतालची हवा अंगापेक्षा तापली की त्यांचे लहान शरीर ती उष्णता लवकर शोषून घेते. तेव्हा उन्हाळ्यात धावणे सूर्योदयापूर्वीच उरकावे, आणि फार उकाडा असेल त्या दिवशी सुट्टी द्यावी. पाणी मागणे म्हणजे कमकुवतपणा, ही जुनी समजूत मैदानावरून हद्दपार करावी. छत्तीसगढच्या शेतकऱ्याने उन्हाशी तडजोड फार पूर्वीच केली आहे. रात्रीचा भात पाण्यात भिजवून, सकाळी मीठ-कांद्याबरोबर खाल्ला जाणारा 'बासी' हा त्या तडजोडीचाच नमुना. धावून आलेल्या मुलाला पाणी, मीठ आणि अन्न एकाच वाडग्यात मिळते. त्याच्या जोडीला डाळ, पालेभाजी, मराठी घरातील गूळ-शेंगदाणे किंवा मोड आलेल्या कडधान्याची उसळ असली, तर महागड्या डब्यांतील भुकटीची आवश्यकता नाही.

ह्या प्रदेशात मात्र एक गोष्ट जाणून घेतल्यावाचून कोणत्याही शिक्षकाने शिटी वाजवू नये. छत्तीसगढ आणि विदर्भ ह्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक दोष पुष्कळ कुटुंबांत आढळतो. प्राणवायू कमी पडला की रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आईवडील दोघांकडून हा दोष आलेले मूल रोगी असते, आणि त्याला असह्य वेदनांचे झटके येतात. एकाच पालकाकडून आला असेल तर ते मूल केवळ वाहक असते, आणि एरवी अगदी निरोगी दिसते. वाहक मुलाने खेळू नये असे नाही. परंतु अतिश्रम, उष्णता आणि पाण्याची कमतरता ही तिन्ही एकत्र आली तर त्यालाही गंभीर धोका संभवतो. अशा मुलाचे श्रम हळूहळू वाढवावेत, मध्ये विश्रांती द्यावी, आणि त्याने थांबतो म्हटले की थांबू द्यावे. रोगी मुलाबाबत तर डॉक्टरांचा शब्दच अखेरचा. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे, आणि रायपूरला ह्या रोगासाठी स्वतंत्र संस्थाही आहे. रक्ताची ही तपासणी सोपी आहे. "सर, पाय दुखतात," असे एखादे मूल म्हणते तेव्हा त्यास कामचुकार ठरविणे सर्वांत सोपे असते. ह्या भूमीत त्या तीन शब्दांच्या मागे काय असू शकेल हे ज्याला ठाऊक आहे, तो शिक्षक असे करणार नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी जपावे लागते. नेमक्या ह्याच वयात त्यांची मासिक पाळी सुरू होते, रक्तातील लोह कमी होते, आणि नेमक्या ह्याच वयात घरातून निरोप येतो की आता पुरे झाले. लोहाच्या गोळ्या शाळांतून दर आठवड्याला देण्याची योजना २०१३ पासून आहे. तिचा लाभ मुली घेतात की नाही हे पाहणे कठीण नाही. निरोपावरचा उपाय मात्र गोळीत नाही. त्यासाठी शिक्षकाने घरी जावे लागते, आईशी बोलावे लागते, मैदानावर स्त्री-शिक्षिका, नीट कपडे आणि कपडे बदलावयास आडोसा आहे हे दाखवावे लागते. एका मुलीला आणखी दोन वर्षे धावू देणे, ही पदकाहून लहान गोष्ट नव्हे.

शिकवणीवाल्या पालकांचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. परीक्षेची चढाओढ खरी आहे आणि त्यांची काळजी खोटी नाही. त्यांना एवढेच सांगता येईल की आठवड्यातून चार सकाळी पाऊण-पाऊण तास धावणारे मूल रात्री वेळेवर झोपते, आणि कंटाळवाणे काम थोडे थोडे करून पुरे कसे करावयाचे हे पायांनी शिकते. शंभरातील नव्व्याण्णव मुले ऑलिंपिकला जाणार नाहीत. तीही शिक्षकाचीच मुले आहेत. चाळिसाव्या वर्षी, पाळी संपल्यावर, मरोदा तलावाच्या बाजूला सहज म्हणून तीन मैल धावून येणारा एखादा कामगार, हेही ह्या शिकवणीचे यशच मानले पाहिजे.

भिलाई हे रुळांचे गाव आहे. देशभर आगगाड्या ज्या रुळांवरून धावतात त्यांतील फार मोठा भाग ह्या कारखान्यातून गेलेला आहे. रुळाच्या पोलादाविषयी जुन्या जाणत्यांना एक गोष्ट माहीत असते. तापलेल्या पोलादात हायड्रोजन वायू अडकलेला असतो. रूळ घाईने थंड केला तर तो वायू आतच कोंडतो आणि पोलादाच्या पोटात बारीक भेगा पडतात. वरून रूळ गुळगुळीत, चकचकीत दिसतो. अनेक वर्षांनी, एखाद्या गाडीच्या भाराखाली, तो अकस्मात तुटतो. म्हणून रूळ संथपणे थंड करण्याची पद्धत जगभर रूढ झाली, आणि पुढे वितळलेल्या पोलादातूनच तो वायू काढून घेण्याची सोय झाली. जे गाव पोलादाला इतका धीर दाखविते, त्याने तो आपल्या मुलांनाही दाखवावा. पहाटेच्या मैदानावर पीटीच्या सरांनी शिटी वाजविण्यापूर्वी भिंतीवरच्या खुणांकडे एकदा पाहावे, मुलांना पाणी प्यावयास सांगावे, आणि मग म्हणावे, "सावकाश, पोरांनो. अजून पुष्कळ धावावयाचे आहे."